मनोरंजन-उद्यानांतील वीरनायकपट

दूरचित्रवाणी-मालिका अथवा लोकप्रिय चित्रपट यांतील अलौकिक सामर्थ्याच्या नायकावर आधारलेले आणि मनोरंजन-उद्यानांत दाखविण्यासाठी तयार केलेले लघुचित्रपट. त्यांची लांबी सामान्यतः काही मिनिटांचीच असते. मूळ कथेचा विस्तार करणे हा त्यांचा हेतू नसून, प्रेक्षकाला त्या कथेतील प्रसंगात प्रत्यक्ष सापडल्याचा अनुभव देणे हा असतो.

या प्रकाराची पूर्वपीठिका मूकपटाच्या काळातील आहे. अमेरिकेतील जॉर्ज सी. हेल या निवृत्त अग्निशमन-प्रमुखाने १९०४ च्या सुमारास रेल्वेच्या डब्यासारख्या दालनात प्रेक्षकांना बसवून, चालत्या गाडीतून टिपलेली दृश्ये दाखविण्याचा उपक्रम सुरू केला. डबा हलविण्याची व गाडीचा खडखडाट ऐकविण्याची सोयही त्यात होती. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी बनविलेली हलती यंत्रासने मनोरंजनासाठी वापरात आली. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये सुरू झालेले ‘स्टार टूर्स’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. पडद्यावरील हालचाल व आसनाचा झोल यांचा मेळ बसला, की डोळे आणि अंतर्कर्ण यांची एकाच वेळी फसगत होते व बसल्या जागी वेगाचा भास होतो.

जपानमध्ये या तंत्राला वीरनायकांच्या मालिकांचा मोठा साठा लाभला. शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतून निर्माण झालेली ‘कामेन रायडर’ (मुखवटाधारी स्वार) ही मालिका १९७१ मध्ये, तर वीरांच्या पंचकावर आधारलेली ‘गोरेंजर’ ही १९७५ मध्ये सुरू झाली. मुखवटे, पोशाख, लहान प्रतिकृती व साहसदृश्ये यांवर या मालिकांची भिस्त असे. १९९४ मध्ये तोएई या संस्थेने ‘कामेन रायडर वर्ल्ड’ आणि ‘सुपर सेंटाई वर्ल्ड’ हे त्रिमितीय लघुचित्रपट काढले. दुसऱ्यात अनेक मालिकांतील वीरपथके एकत्र आणलेली होती. अशा पटांत पात्रपरिचयाला वाव नसतो. नायक आधीच ठाऊक आहे, हे गृहीत धरूनच प्रारंभापासून संघर्ष दाखविला जातो. प्रेक्षकाच्या दिशेने झेपावणारी लाथ वा किरण हे त्रिमितीय चित्रणास विशेष अनुकूल ठरतात.

भारतीय प्रेक्षकांना जपानी वीरनायकांचा परिचय दूरदर्शनमुळे झाला. ‘जायंट रोबो’ (१९६७–६८) या मालिकेची इंग्रजी आवृत्ती १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवरून दाखविण्यात आली. त्याच दशकाच्या अखेरीस, १९८९ मध्ये, मुंबईजवळ गोराई येथे ‘एस्सेलवर्ल्ड’ हे उद्यान सुरू झाले. ठाण्याकडून घोडबंदर मार्गाने वरसावे, काशिमिरा, भाईंदर, उत्तन असा तेथे जाण्याचा खुष्कीचा मार्ग होता. तथापि तेथील आकर्षण मुख्यतः पाळणे व यांत्रिक खेळ हेच होते.

जपानी पटांशी जवळचे साम्य असलेले महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे खोपोलीजवळील ‘इमॅजिका’ या २०१३ मध्ये सुरू झालेल्या उद्यानातील ‘मिस्टर इंडिया’ ही चलनासन-सफर. शेखर कपूर दिग्दर्शित ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) या चित्रपटात सामान्य नायकाला मनगटावरील उपकरणामुळे अदृश्य होता येते. तांबड्या प्रकाशात मात्र तो दिसतो. मूळ चित्रपटातील अदृश्यतेची दृश्ये पीटर परेरा यांनी संगणकाच्या साहाय्याविना साधली होती. चित्रपटात विनोद, गीते व अनाथ मुलांविषयीचा जिव्हाळा यांना मोठे स्थान आहे. सफरीत त्यातील ओळखीची पात्रे व साहस एवढेच प्रामुख्याने उपयोगी पडते. कथेचा हा संकोच म्हणजे केवळ उणीव नव्हे. आसनाची गती आणि बाहेर थांबलेली रांग यांनी घातलेली ती मर्यादा आहे.

या प्रकारापुढील खरा प्रश्न जतनाचा आहे. सामान्य चित्रपटाची प्रत अन्यत्र दाखविता येते. उद्यानपटाची चित्रफीत सांभाळली, तरी तिच्याशी जुळविलेली आसने, यंत्रणा व दालन नाहीसे झाल्यावर मूळ अनुभव परत मिळत नाही. ‘एस्सेलवर्ल्ड’ २०२२ मध्ये बंद झाले. उद्यानांचे आयुष्य किती अनिश्चित असते, हे त्यावरून दिसते. म्हणून चित्रफितीबरोबरच आसनांच्या हालचालींचे आराखडे, दालनाची मापे आणि प्रेक्षकांच्या आठवणी यांचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे. तसे न झाल्यास, लक्षावधींनी पाहिलेल्या या कलाप्रकाराचा इतिहास पुढे केवळ नावांच्या यादीपुरता उरेल.