मणिबेलीची मोजणी

उपग्रहचित्रं, मोबाईलचा डेटा यांतून सरकारी आकडेवारी आधुनिक करायची चर्चा आहे. आपण जरा मणिबेलीला जाऊ. सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं गाव. १९७९ च्या नर्मदा लवादाने सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला, सज्ञान मुलगी नाही. वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली, पण सातबारा नाही. मग कसणारा कागदावर अतिक्रमणदार. १९९२ मध्ये मोर्स समितीने या व्याख्यांवरच बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज भारताने सोडलं. आज उपग्रहाला ते शेत दिसेल हो, पण ते कुणाचं हे त्याला कसं कळणार? तो रकाना माणसंच आखतात. तेव्हा डेटा वाढवण्याआधी रकाने तपासू या.