वासाचा हिशेब

इतिहास म्हटला कीं आपणांस लढाया आणि तह आठवतात. आयुष्यभर शाळेंत मींही तेंच शिकविलें. परंतु मनुष्याच्या अब्रूचा इतिहास पुष्कळ वेळां बिलाच्या एखाद्या ओळींत दडलेला असतो. अमेरिकेंतील अशाच एका ओळीची हकीकत आज सांगावयाची आहे. विषय संकोचाचा आहे खरा. पण संकोच हाच तिचा गाभा आहे.

आतड्यास कर्करोग किंवा अन्य व्याधि झाल्यास शस्त्रवैद्य कधीं कधीं आतड्याचें तोंड पोटाच्या त्वचेवर आणून ठेवतात. यास स्टोमा म्हणतात. तेथून पडणाऱ्या मलावर इच्छेची सत्ता चालत नाहीं. म्हणून पिशवी लावावी लागते. फ्रान्समधील ब्रेस्त शहरीं ड्यूरे या शस्त्रवैद्यानें १७९३ सालीं एका नवजात बालकावर ही शस्त्रक्रिया केली. तें बालक वाढून ४५ वर्षें जगलें. जीव वाचविण्याची विद्या अशी लवकर आली, लाज राखण्याची मात्र फार मागें राहिली. १९५४ सालीं डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सन यांनीं आपली बहीण थोरा हिला शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर पडण्यास भितांना पाहिलें, आणि त्वचेस चिकटणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना काढली.

पिशवीनें गळती थांबली, तरी ती रिकामी करतांना वास सुटतोच. त्यासाठीं पिशवींत घालण्याचे थेंब व गोळ्या निघाल्या. वायु गाळणारी कोळशाची गाळणीही निघाली. आतां प्रश्न उरला पैशाचा. वास मारणें हा औषधोपचार कीं चैन?

अमेरिकेंत १९६५ सालीं मेडिकेअरचा कायदा होऊन वृद्धांच्या औषधपाण्याचा भार सरकारनें उचलला. आज त्या कायद्यांत शरीरांतील अवयवाची जागा घेणाऱ्या साधनांमध्यें या पिशव्या व त्यांच्या निगेशीं थेट संबंध असलेलें साहित्य येतें. म्हणजे पिशवी ही कायद्याच्या दृष्टीनें अवयवच झाली, आणि थेंब तिच्या निगेचे.

एवढ्यानें बिल मात्र वटत नाहीं. प्रत्येक वस्तूस सांकेतिक क्रमांक लागतो. ही पद्धति १९७८ पासूनची. पिशवींत घालण्याचें वासनाशक द्रव म्हणजे ‘ए ४३९४’, गोळी म्हणजे ‘ए ४३९५’, गाळणी म्हणजे ‘ए ४३६८’. शेजारीं रोग्याच्या स्थितीचा क्रमांक, मोठ्या आतड्याचा स्टोमा असल्यास ‘झेड ९३.३’. या दुसऱ्या यादीचें मूळ १८९३ सालीं फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तिलों यांनीं केलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादींत आहे. मेलेल्यांची मोजदाद करण्यास निघालेली वही आज जिवंतांच्या सोयीस साक्ष देते, हें विशेष नव्हे काय?

गणित मात्र बारकाईचें आहे. द्रवाचें मोजमाप बाटलीनें नव्हे, औंसानें होतें. आठ औंसांच्या एका बाटलीस कारकुनानें ‘१’ लिहिलें तर एकाच औंसाची मागणी होते. तेथें ‘८’ हवेत. गोळ्यांची गणती एकेका गोळीनें. मंजूर रकमेपैकीं सरकार बहुधा ८० टक्के देतें; तेंही वर्षारंभीं ठरीव रक्कम रोग्यानें स्वतः भरल्यावर. शिवाय व्याख्येंत ‘पिशवींत वापरण्याचें’ असे शब्द आहेत. खोलींत फवारण्याचें सुगंधी पाणी त्यांत बसत नाहीं. भिंतीआडचा वास सरकार मोजतें, दिवाणखान्यांतला नाहीं!

हिशेब रुक्ष असतो, हें मुलांच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षें रेघा ओढणाऱ्या मजसारख्या मास्तरास सांगावयास नको. पण पटावर नांव नसेल तर मूल शाळेंत नसतें. तसेंच येथें आहे. ज्या दुःखास क्रमांक मिळाला, त्याची दाद मागतां येते. ज्यास मिळाला नाहीं, तें मुकाट्यानें घरांत बसतें. थोरासारखी एखादी स्त्री आज शेजारणीकडे निःशंक मनानें जाऊन बसत असेल, तर त्याचें थोडें श्रेय ‘८’ हा आंकडा बरोबर लिहिणाऱ्या अनाम कारकुनासही दिलें पाहिजे.