पापड सादळला, की कान?

"डॉक्टर, हल्ली पापडाला कुरकुरीतपणाच नसतो," अशी तक्रार खालापूरच्या एका आजोबांनी केली. सोबत आलेल्या सूनबाई म्हणाल्या, "पापड ताजाच तळलेला असतो. पण यांना कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही." मला वाटलं, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असावं.

आपल्या स्वयंपाकघरातले आवाज कसे बदलले ते पाहा. भाताच्या या मुलखात पूर्वी जात्याची घरघर आणि मुसळाची धपधप असे. हे खालच्या पट्टीतले आवाज. गिरण्या आल्या आणि ते घराबाहेर गेले. कुकरचा पूर्वज मात्र बराच जुना. डेनिस पापिन या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये वाफेच्या दाबावर शिजवणारं बंद भांडं बनवलं. ते फुटू नये म्हणून पुढे त्याला वाफ सोडणारी झडप बसवली. मुंबईत १९५९ मध्ये हॉकिन्स कंपनी सुरू झाली आणि पुढे घराघरांत शिट्ट्या मोजून डाळ-भात शिजू लागला. ही शिट्टी वरच्या पट्टीतली.

वयानुसार कान याच पट्टीत आधी कमी पडतात. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आजोबांना ढोल ऐकू येतो, पण शिट्टी, फोडणीची चरचर आणि बोलण्यातले 'स', 'श' निसटतात.

आणि पापड? झाम्पिनी आणि स्पेन्स या संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बटाट्याचे वेफर्स खाणाऱ्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकवला. त्यातला वरच्या पट्टीतला आवाज वाढवला की तेच वेफर्स जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. म्हणजे कुरकुरीतपणा दातांइतकाच कानांनाही कळतो.

अर्थात पावसाळ्यात पापड खरंच सादळतो, कवळीनेही फरक पडतो. पण घरातल्या ज्येष्ठांना शिट्टी ऐकू येत नसेल, तर "लक्ष नाही" म्हणून रागावू नका. आधी कानात मळ आहे का ते तपासून घ्या, मग ऑडिओमेट्री करा. गरज असेल तर श्रवणयंत्र वेळेवर लावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि तोवर गॅसवर कुकर ठेवून त्यांना एकटं सोडू नका.