छत्तीस नंबरवरची गर्दी

१९९६ सालच्या ब्रिटनमध्ये एका टीव्ही वाहिनीची माणसे घरोघर जाऊन लोकांचे व्हीसीआर दुरुस्त करून देत होती. खरे तर ते व्हीसीआर बिघडलेले नव्हते आणि वाहिनीही अजून सुरू व्हायची होती. वाहिनीचे नाव चॅनेल फाइव्ह. बीबीसीच्या दोन, आयटीव्ही आणि चॅनेल फोर यांच्यानंतर साध्या अँटेनावर दिसणारी ही पाचवी. हवेत जागा कमी उरली होती, म्हणून बऱ्याच भागांत तिला यूएचएफ पट्ट्यातले ३५ आणि ३७ हे क्रमांक मिळाले. मधला ३६ कोणत्याच केंद्राला दिलेला नव्हता, आणि घरोघरचे व्हीसीआर आपले चित्र सोडत ते नेमके त्याच्याच आसपास.

व्हीसीआरने असे का करावे, हे कळायला टीव्हीची पाठ पाहावी लागते. जुन्या टीव्हीला चित्र आत घ्यायला एकच वाट होती, अँटेनाची. चित्र येणार ते प्रक्षेपण केंद्राकडूनच, असे धरून तो बनवलेला. घरातल्या यंत्राला पडद्यावर यायचे तर त्याला स्वतःच एक छोटे केंद्र व्हावे लागे. यंत्रातला मॉड्युलेटर चित्र आणि आवाज एखाद्या रिकाम्या चॅनेलच्या लहरीवर चढवी आणि टीव्ही ते इमानाने पकडी. अमेरिकेत त्यासाठी ३ आणि ४ हे क्रमांक ठरून गेले. शेजारचे क्रमांक एकाच शहरात दोन केंद्रांना दिले जात नसत, त्यामुळे दोहोंतला एक तरी मोकळा असेच. १९७७ मध्ये आलेल्या अटारीच्या खेळयंत्राबरोबर एक छोटी डबी मिळे. ती अँटेनाच्या तारेत जोडायची आणि तिच्यावरचा खटका ‘टीव्ही’ किंवा ‘गेम’कडे सरकवायचा.

ब्रिटनमध्ये ३६ वरची गर्दी वाढतच गेली. १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम हा लाडका संगणक त्याच क्रमांकावर बोले. मग एकाला जरा वर सरकव, दुसऱ्याला खाली, नाहीतर एकाची तार काढून दुसऱ्याची खोच. १९८९ मध्ये स्कायची उपग्रह सेवा सुरू झाली आणि आणखी एक डबा त्याच तारेच्या माळेत ओवला गेला. अशा घरात चॅनेल फाइव्ह शिरले असते, तर कॅसेटवरच्या चित्रात जाळी उमटली असती. म्हणूनच हे निस्तरण्याची जबाबदारी परवान्यातच वाहिनीवर टाकलेली होती. तिची माणसे लाखो घरांत गेली, व्हीसीआर दुसऱ्या क्रमांकावर सरकवला, टीव्हीचे बटण नव्याने लावून दिले. काम इतके लांबले, की जानेवारी १९९७ चा मुहूर्त टळला आणि वाहिनी ३० मार्चला, ईस्टरच्या रविवारी सुरू झाली.

याच युक्तीचा मुंबईत उलटा उपयोग झाला. ऐंशीच्या दशकात उंच इमारतींमध्ये एकाच व्हीसीआरची तार सगळ्या मजल्यांवर फिरवली जाऊ लागली. रिकामे चॅनेल लावले, की संध्याकाळचा सिनेमा प्रत्येक घरात. केबलवाल्याचा धंदा उभा राहिला तो असा, उपग्रह वाहिन्या यायच्या कितीतरी आधी.

फ्रान्सने मात्र दुखण्याच्या मुळालाच हात घातला, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय तोच. १९८० पासून तिथे विकल्या जाणाऱ्या टीव्हीला २१ टाचण्यांचे एक रुंद सॉकेट सक्तीचे झाले. पेरितेल हे त्याचे घरचे नाव; बाहेर ते स्कार्ट म्हणून ओळखले गेले. आता यंत्राला केंद्राचे सोंग घ्यायची गरज उरली नाही. चित्र थेट आत जाई, लाल, हिरवा, निळा हे रंगसुद्धा वेगवेगळ्या तारांतून. एका टाचणीवर यंत्राने १२ व्होल्ट दिले, की टीव्ही आपण होऊन त्याच्याकडे वळे. कोणी उठून खटका दाबायला नको. शिवाय चित्र त्याच सॉकेटातून बाहेरही पडे. नोव्हेंबर १९८४ मध्ये सुरू झालेल्या कॅनाल प्लुस या पैसे भरून पाहायच्या वाहिनीने याचा पुरेपूर फायदा घेतला. टीव्हीने पकडलेले कुलूपबंद चित्र डिकोडरकडे जाई आणि उलगडून त्याच केबलने परत येई.

भारतात स्कार्टची पद्धत रुजली नाही. इथे व्हीसीडी प्लेअरच्या काळात पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची तार घराघरात पोहोचली. पिवळी चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या. मागे अशा पिनांसाठी सॉकेटांचा एकच संच असलेल्या टीव्हीवर प्लेअर काढून खेळ लावायचा आणि खेळ काढून प्लेअर, हे मुलांचे नित्याचे काम झाले. २०१२ मध्ये मुंबईत केबलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा ज्या टीव्हीला सॉकेटांचा एकच संच होता तिथे तोही कायमचा अडकून पडला.

त्याआधीच, डिसेंबर २००२ मध्ये, सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय या नव्या जोडणीची पहिली आवृत्ती जाहीर केली होती. १९ टाचण्या, चित्र आणि आवाज एकाच केबलमध्ये. सॉकेटे तरीही दोन-तीनच, म्हणून स्विचचा डबा पुन्हा दुकानात आला. पण प्लेअर सुरू केला की टीव्ही आपोआप त्याच्याकडे वळतो, ती सोय देणारी सीईसी ही भाषा नव्याने रचलेली नाही. यंत्रांनी एकमेकांशी बोलावे म्हणून युरोपात स्कार्टच्या एका टाचणीवर एव्ही-लिंक नावाची भाषा चाले. सीईसी तिच्यावरच बेतलेली आहे आणि एचडीएमआयच्या तेराव्या टाचणीवरून बोलते.