नार्व्याच्या धक्क्यावर

गेल्या चवथीनंतर माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला. त्याआधी दोघांना फोटो काढून घ्यायचे होते. जागा ठरली दिवाडीहून नार्व्याला जाणारी फेरीबोट, नार्व्याचा धक्का आणि सप्तकोटेश्वराकडची कुळागरे. "मामा, तू पण ये," भाची म्हणाली. खरे सांगतो, मला हा प्रकार रुचला नव्हता. साखरपुडा व्हायच्या आधीच जोडीने नदीकाठी हिंडायचे आणि ते चारचौघांना दाखवायचे, हे कसले नवे खूळ? तरीही गेलो.

फोटोग्राफरने दोघांना फेरीच्या कठड्यापाशी उभे केले. मागे मांडवीचे पात्र होते. तेवढे अंतर कापायला फेरीला काही मिनिटे पुरतात. पण वाचकहो, एके काळी हीच नदी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे तिसवाडीत पोर्तुगीज, पलीकडे दिवचल महालात आदिलशाही.

दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ १५४० साली पाडले गेले. कदंब राजांचा हा देव. त्याचे लिंग भक्तांनी नदीपलीकडे नेले आणि तिथे नवे नार्वे वसले. पुढे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख आजही दारावर आहे.

देवाचे झाले तेच लग्नांचेही झाले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या हुकमांनी हिंदूंना उघडपणे लग्नविधी करायला बंदी केली. मग लोक वऱ्हाड घेऊन सीमा ओलांडून जात आणि विधी उरकून परत येत. बाटलेल्या घरांचीही सुटका नव्हती. १५६० साली आलेल्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी जो जाहीरनामा काढला, त्यात लग्नातल्या ओव्या, वधूवरांना हळद-तेल लावणे, पानफूल पाठवणे, सगळे निषिद्ध ठरवले होते. धर्म बदलला तरी हळद सुटली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. इन्क्विझिशन कायमचे बंद झाले ते १८१२ साली.

मी सरकारी कारकून. गोव्यात लग्नाची पहिली सही आणि दुसरी सही सिव्हिल रजिस्ट्रारपुढे होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर नागरी विवाहनोंदणीचे कायदे झाले, तिथून आलेली ही पद्धत. दोन सह्यांच्या मधल्या दिवसांत वधूवरांच्या नावांची नोटीस फलकावर लागते. कुणाची हरकत असेल तर त्याने पुढे यावे म्हणून. ज्या भूमीत लग्न लपवावे लागत होते, तिथे आता सरकारच ते भिंतीवर लावते!

फेरी धक्क्याला लागली. भाचीने साडी सावरली, मुलाने तिचा हात धरला आणि दोघे उतरली. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. देवळाकडे जाताना मी शिलालेख दाखवला आणि थोडक्यात गोष्ट सांगितली. दोघे गप्प झाली. मग मुलगा फोटोग्राफरला म्हणाला, "एक फोटो इथे काढ. ही अक्षरे दिसली पाहिजेत."

साखरपुड्याच्या दिवशी मांडवात तोच फोटो लावला होता. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, की हे काय लिहिले आहे? माझी तक्रार तिथेच विरली. उघड्यावर, सर्वांच्या देखत जोडीने उभे राहता येणे हे वाटते तितके फुकट मिळालेले नाही. मिरवायचे तर मिरवू द्या. फक्त ज्या नदीकाठी उभे राहायचे, तिची ओळख मुलांना करून देणे एवढे आपले काम.