लोखंड आणि हात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते व्यायामाच्या तासाला कोणालाही सावलीत बसू देत नसत. त्यामागे एक प्रसंग आहे.

साल १९६४. बेळगावच्या एका तालमीत आम्ही चार वर्गमित्र जात असू. त्यांपैकी एकाचा डावा हात जन्मतःच कोपराखाली वीतभर अंतरावर संपत होता. वस्ताद त्याला म्हणाले, "लेका, तू या पोरांचे जोर मोज." त्यात दुष्टावा नव्हता, पण तो दोन वर्षे मोजतच राहिला.

योगायोग असा की त्याच वर्षी टोकिओच्या पॅरालिम्पिक स्पर्धांत भारोत्तोलनाचा प्रथम समावेश झाला. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी जी क्रीडाचळवळ उभारली, तिचेच हे फळ. पायांत बळ नसलेल्याने वजन उचलावे कसे? बाकावर उताणे निजून. एरवी असा खेळाडू जमिनीत पाय रोवून जोर लावतो. येथे पायही बाकावरच राहतात. म्हणून बाक लांब करावा लागला आणि पाय पट्ट्यांनी बांधण्याची मुभा द्यावी लागली. पुढे पाय गमावलेलेही या स्पर्धेत आले, तेव्हा नसलेल्या अवयवाचे वजन हिशेबात धरून त्यांचा गट ठरविला जाऊ लागला. २००० साली सिडनीत स्त्रियाही उतरल्या. २००४ साली अथेन्सला आपल्या राजिंदरसिंग रहेलू यांनी ५६ किलो गटात कांस्यपदक मिळविले.

पण हा सारा विचार पायांचा. दांडा पकडायला दोन्ही हात हवेत, हे गृहीतच राहिले. माझ्या मित्राला त्या बाकाचा काय उपयोग?

हातांचा इतिहास निराळा आहे, आणि तो बहुतांशी ज्यांचे हात गेले त्यांनीच घडविला. लाकूड कापण्याच्या कारखान्यात उजवा हात गमावलेल्या अमेरिकेच्या डॉरन्स यांनी १९१२ साली दुभंगलेल्या आकड्याचे पेटंट घेतले. खांद्यावरून आलेली दोरी ताणली की आकडा उघडतो, रबराच्या कड्यांनी मिटतो. चमचा, कागद, हातोडी यांसाठी उत्तम. परंतु रबराच्या पकडीवर जड लोखंड सोपविणे धोक्याचेच. हात गमावलेले दुसरे अमेरिकन बॉब रॅडोसी यांनी पुढे खास खेळांसाठी जोडहात बनविले. त्यांत वजने उचलण्याचेही आहेत.

आमच्या गुरुजींना यातले काही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्यांनी मित्राला एका चर्मकाराकडे नेले. पहिला पट्टा नुसता मनगटाच्या जागी आवळला होता. डंबेल उचलताच तो सरकून हातातून निघाला. दुसरा कोपरावरून दंडापर्यंत नेऊन नाडीने बांधला, टोकाला लोखंडी आकडा बसविला. तेव्हा भार दंडाने घेतला. जोरांसाठी तर पट्ट्याचीही गरज पडली नाही. आखूड हाताखाली लाकडी ठोकळा ठेवला की खांदे समपातळीत येत. ठोकळ्याची उंची बरोबर जमेपर्यंत सुताराकडे तीन खेपा झाल्या, आणि तिन्ही वेळा पैसे गुरुजींनीच दिले.

ठोकळा घेऊन तो तालमीत आला, त्या सायंकाळी मोजणी वस्तादांनी केली. पंचवीस जोर झाले.