बेरोजगार भत्ता (रोजगार हमी योजना)

बेरोजगार भत्ता हा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ च्या कलम ७ नुसार, मागूनही काम न मिळालेल्या ग्रामीण मजुरास राज्य शासनाने द्यावयाचा भत्ता होय. माणगाव तालुक्यासह रायगड जिल्ह्यास हा अधिनियम १ एप्रिल २००८ पासून लागू झाला.

पात्रता व दर
मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता देय होतो. म्हणून अर्जाची दिनांकित पोचपावती महत्त्वाची ठरते. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश व पुढे किमान निम्मा दर ठरवला आहे.

अंशतः मिळालेल्या कामाचा परिणाम
मजुरी व भत्ता मिळून कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या मजुरीची मर्यादा असते. ४० दिवस काम मिळाल्यास भत्ता उरलेल्या ६० दिवसांच्या मजुरीपलीकडे जात नाही. देऊ केलेले काम नाकारणारा अर्जदार तीन महिने भत्त्यास अपात्र ठरतो.